समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा किनारा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र व्यापणारा, आकाराने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा पठारावर ऐसपैस पसरलेला आहे. त्याच्या बहुतेक तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी शेतकरी समाधान मानतो, आणि जेथे बंदर नाही, गलबत नाही, भरती-ओहोटीचा संकेत नाही, तेथे 'किनारा' हा शब्द लोकांच्या तोंडी सहसा येत नाही. परंतु याच जिल्ह्याचा पश्चिमेकडील एक कोपरा, अकोले तालुका, सह्याद्रीच्या मुख्य धारेला जाऊन भिडलेला आहे, आणि त्या धारेच्या पायथ्याशी मैलोगणती पाण्याच्या काठाने वसलेल्या शेंडी-भंडारदऱ्याला मी गेल्या अनेक वर्षांत निरनिराळ्या ऋतूंत गेलो, तेव्हा प्रत्येक वेळी मनात हेच आले की ज्या प्रदेशाला समुद्र नाही त्या प्रदेशाचा किनारा असलाच तर तो हा. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. तो दिसत नाही, परंतु या प्रदेशाच्या पावसात, पुराणात आणि पाण्याच्या हिशेबात तो सर्वत्र आहे.

नगरहून जाणाऱ्याने संगमनेरवरून प्रवरेच्या काठाकाठाने वर चढत जावे. कारण भंडारदरा हे एका नदीचे मूळ आहे, आणि मुळाकडे खालून वर गेल्याखेरीज त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. संगमनेरजवळ जोर्वे हे लहानसे गाव लागते. डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०-५१ च्या सुमारास येथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातील एका संपूर्ण संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. याच नदीच्या खालच्या काठावर दायमाबादला १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. त्याहून खाली नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आणि शेवटी टोक्याजवळ प्रवरासंगमाला ही नदी गोदावरीत मिसळते. उगमापासून संगमापर्यंत जेमतेम दोनशे किलोमीटरांच्या या नदीने आपल्या काठी माणसाला साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळ वसविले आहे, याचा विचार करीत गाडी अकोल्याच्या दिशेने वळली की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात आणि उसाची जागा भात घेऊ लागतो.

अकोले हे तालुक्याचे ठिकाण. येथे प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. अगस्ती म्हणजे ज्यांनी एका आचमनात समुद्र प्राशन केला ते ऋषी. समुद्रापासून सह्याद्रीच्या भिंतीने तोडलेल्या या खोऱ्याने आपले आद्य दैवत म्हणून समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीला निवडावे, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. आणि ती एकटी नाही. प्रवरेला येथील लोक 'अमृतवाहिनी' म्हणतात, कारण लोककथेप्रमाणे समुद्रमंथनातून निघालेले अमृत मोहिनीने नेवाशाला देवांना वाढले, पंक्तीत चोरून बसलेल्या राहूचा शिरच्छेद झाला, आणि त्याच्या कंठातून जी अमृताची धार लागली तीच रतनगडाच्या कुशीतून प्रवरा होऊन वाहू लागली. नेवाशाला मोहिनीराजाचे मंदिर आहे आणि राहुरीच्या नावातही लोक राहूलाच पाहतात. कथा खरी की खोटी हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. ज्यांनी ती रचली त्यांना आपल्या नदीचे पाणी कोठून येते हे पक्के ठाऊक होते. ते समुद्रातूनच येते. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून जे बाष्प वाहून आणतात ते या कड्यांवर आदळून रिकामे होते, आणि समुद्राचे मंथन होऊन त्याचा सारांश डोंगरावर पोहोचतो ही कल्पना पर्जन्यशास्त्राच्या फारशी विरुद्ध जात नाही.

अकोल्यातच नदीकाठचे सिद्धेश्वराचे प्राचीन मंदिर पाहून घ्यावे. आढळा नदीकाठी टाहाकारी येथे जगदंबेचे तीन गाभाऱ्यांचे शिल्पसमृद्ध देऊळ आहे, तेही ज्याला वेळ आहे त्याने चुकवू नये. पुढे राजूर. येथे डोंगरी गावांचा बाजार भरतो आणि येथले पेढे प्रसिद्ध आहेत. येथून जवळच्या देवगावचा राघोजी भांगरे. पेशवाई बुडाल्यानंतर महादेव कोळी नाईकांची वतने आणि पगार यांच्यावर गदा आली, सावकारी पाश आवळत गेला, आणि त्याविरुद्ध या डोंगरांतून जे बंड उभे राहिले त्याचा तो नायक. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. हा सबंध मुलूख ज्यांचा आहे त्या लोकांची स्मृती कोणत्या नावांवर उभी आहे, हे भंडारदऱ्याच्या पाण्याकडे पाहण्यापूर्वी जाणून घेणे मला आवश्यक वाटते.

राजूरच्या पुढे, शेंडी सुमारे दहा किलोमीटर असताना, रस्त्यालगत रंधा धबधबा लागतो. प्रवरा येथे कातळाच्या एका खोल घळईत सुमारे एकशे सत्तर फूट खाली उडी घेते. काठावर घोरपडादेवीचे मंदिर आहे. पावसाळ्यात या जागी उभे राहिले असता पाण्याचा रंग दुधासारखा न दिसता गढूळ तांबडा दिसतो, आणि त्याचा घोष छातीत कंप उत्पन्न करतो. कठड्यापलीकडचा कातळ निसरडा असून त्याने अनेक बळी घेतले आहेत, म्हणून कठडा ओलांडण्याचा मोह कोणीही धरू नये. वरच्या धरणातून सुटणारे पाणी वीजनिर्मितीसाठी कोदणीकडे वळविले गेल्यापासून उन्हाळ्यात मात्र येथे उघडा कातळच पाहावयास मिळतो. रंधा पाहावयाचा तर जुलै-ऑगस्टमध्ये.

आता धरण. मी या गोष्टीपाशी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण शेंडीला येणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना या भिंतीकडे केवळ तलावाची एक कड म्हणून पाहताना मी पाहिले आहे, आणि वस्तुतः या जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात तिच्याइतकी परिणामकारक दुसरी वास्तू नाही. १९१० साली तिचे बांधकाम सुरू झाले. मध्ये महायुद्ध येऊन गेले, आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्यांचेच नाव धरणाला आणि आर्थर हिल या अभियंत्याचे नाव जलाशयाला सरकारी दप्तरात मिळाले. लोकांच्या बोलण्यात मात्र ते भंडारदऱ्याचे धरणच राहिले. भिंत सुमारे ब्याऐंशी मीटर, म्हणजे दोनशे सत्तर फूट उंच आणि पाचशे मीटरांहून थोडी अधिक लांब आहे; ती सर्वस्वी दगड-चुन्याची, आपल्या भाराने पाण्याचा रेटा तोलून धरणारी आहे, आणि त्या काळच्या हिंदुस्थानातील उंच धरणांत तिची गणना अग्रस्थानी होत असे. पोटात अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट पाणी मावते. खालच्या गावांतील शेतकरी याच आकड्याच्या भाषेत बोलतो. ऑगस्टमध्ये नेवाशा-राहुरीच्या कोणत्याही चहाच्या दुकानात 'भंडारदरा किती झाला?' एवढाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर आकड्यातच मिळते.

ही भिंत अजिंक्य नाही. १९६९ साली तिला गंभीर तडे जाऊन गळती वाढली. पुढे खालच्या अंगाने तिला आधारभिंतींचे टेकू देऊन बळकटी आणण्यात आली. भिंतीच्या पाठीकडून पाहणाऱ्याला ते भक्कम टेकू आजही ओळीने उभे दिसतात. ज्या पिढीने हे दगड घडवून या दुर्गम दरीत, हाताने आणि चुन्याने, एकावर एक रचले तिच्या कसबाचे कौतुक करावे तितके थोडे आहे. परंतु ज्या पिढीने तडा वेळेवर ओळखला आणि भिंत सावरली तिचेही ऋण खालच्या चार तालुक्यांवर तितकेच आहे, आणि त्यांच्याविषयी कोणताही शिलालेख मला तेथे आढळला नाही.

या पाण्याने काय केले ते मात्र शेंडीत उभे राहून कळत नाही. भंडारदऱ्यातून सोडलेले आवर्तन नदीच्या पात्रातून संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत उतरते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी, पुढे चाऱ्या-पोटचाऱ्यांनी, श्रीरामपूर-राहुरी-राहाता-नेवाशाच्या काळ्या रानात पसरते. जेथे एके काळी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे दिसत तेथे ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना उभा राहिला. आणि १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढला. महाराष्ट्राच्या राजकारणाला आणि अर्थकारणाला ज्या घटनेने वळण दिले तिचा उगम, नदीप्रमाणेच, या डोंगरात आहे. त्याच नदीवर खाली निळवंड्याला आणखी एक धरण बांधले गेले. त्याच्या कालव्यांचे पाणी पोहोचण्यासाठी दुष्काळी गावांना अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली, आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. पाटपाण्याचा प्रश्न येथे किती जिव्हाळ्याचा आहे हे या एका प्रदीर्घ प्रतीक्षेवरून समजावे.

धरणाच्या पायथ्याशी उद्यान आहे, आणि मोऱ्यांतून पाणी सोडले की तेथील एका गोलाकार खडकावरून ते छत्रीसारखे चहूबाजूंनी पसरून पडते. त्याला सर्वजण अंब्रेला फॉल म्हणतात. तो देखणा आहे, परंतु माणसाच्या मर्जीने सुरू आणि बंद होणारा आहे. मला त्याहून जलाशयाची प्रदक्षिणा प्रिय आहे.

ही प्रदक्षिणा शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करीत घाटघरला आणि तेथून साम्रद, रतनवाडी, मुतखेल करीत परत शेंडीला अशी होते. एक दिवस पुरतो, परंतु दोन द्यावेत. उत्तरेला कळसूबाईची रांग सतत सोबत करते. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. बारी गावातून वाट चढते, उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, आणि माथ्यावर कळसूबाईचे इवलेसे देऊळ आहे. कळसू नावाच्या कोळ्याच्या पोरीने घरकामाला राहताना उष्टी-खरकटी न काढण्याची अट घातली होती, अट मोडली जाताच ती डोंगरावर निघून गेली आणि पुन्हा खाली उतरली नाही, अशी तिची कथा आहे. राज्याच्या सर्वांत उंच जागी कोणी सम्राट किंवा महर्षी नसून आपल्या शब्दाला जपणारी एक कष्टकरी मुलगी बसलेली आहे. नवरात्रात तिच्या दर्शनाला परिसरातील बायका पहाटेच्या अंधारात शिड्या चढून जातात, तेव्हा ते केवळ नवस फेडणे नसते असे मला वाटते.

पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग. १८१८ नंतर इंग्रजांनी अशा गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगांनी उडविल्या, त्यामुळे मदन आणि अलंग आज दोराशिवाय साध्य होत नाहीत. शेंडीच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी ते तिघे एकामागे एक असे दिसतात की जणू बंदरात नांगरलेली जुनी गलबते.

घाटघर हा या जिल्ह्याचा खरा किनारा. 'नगरचे चेरापुंजी' म्हणून ते ओळखले जाते, आणि जिल्ह्याच्या पूर्व भागात जितका पाऊस दहा वर्षांत पडतो तितका येथे कधीकधी एका पावसाळ्यात पुरा होतो; वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर ही येथील सर्वसाधारण गोष्ट. गावापुढे जमीन एकाएकी संपते. कोकणकड्यावर उभे राहिले की पायाखाली शहापूर तालुक्याची अरण्ये आणि वाड्या हिरव्या-निळ्या छटांत पसरलेल्या दिसतात, आणि खालून वर येणारा वारा एवढा प्रबळ असतो की ओंजळीतून सोडलेले पाणी खाली न पडता वर उधळते. येथे पडणाऱ्या पावसाच्या दोन थेंबांची दैवे किती भिन्न असावीत! कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब दोन-चार दिवसांत अरबी समुद्राला परत मिळेल. हातभर पूर्वेला पडलेला प्रवरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून सबंध दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याला बंगालच्या उपसागरात जाईल. एका जिल्ह्याला एकही समुद्र नाही असे आपण म्हणतो, परंतु या कड्यावर दोन समुद्रांची सीमा आहे. आणि विशेष असे की माणसाने ती सीमा यंत्राने ओलांडली आहे: घाटघरच्या वरच्या धरणातले पाणी कड्याच्या पोटातून चोंढ्याच्या खालच्या धरणात सोडून त्यावर वीज करावयाची आणि मागणी नसलेल्या वेळी तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवावयाचे, असा अडीचशे मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून येथे चालू आहे. त्याचे वरचे धरण बांधताना रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे तंत्र भारतात प्रथम वापरले गेले.

साम्रदची सांदण दरी ही कातळाला पडलेली एक अरुंद, खोल चीर आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो बेसाल्ट तयार झाला त्याला भेगेतून पाणी शिरत-शिरत युगानुयुगे कापत गेले आणि दोन-तीनशे फूट उंचीच्या दोन भिंतींमध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी वाट उरली. भर दुपारीही तळाला ऊन पोहोचत नाही. मध्ये थंडगार पाण्याचे डोह ओलांडावे लागतात, आणि दरी शेवटी कोकणाच्या दिशेने उघडते. पावसाळ्यात हा पाण्याचा मार्ग आहे, माणसाचा नव्हे. दिवाळीनंतर जावे, साम्रदचा माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा.

आणि मग रतनवाडी. या संपूर्ण प्रवासात एकच गोष्ट पाहण्यास वेळ असेल तर ती कोणती, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता अमृतेश्वराचे नाव घेईन. रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेच्या अगदी बाल्यावस्थेतील प्रवाहाजवळ, हे शिवालय आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व शिलाहार झंझ राजाला देते. त्याने गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये उभारली असे सांगतात. शिल्पशैलीवरून विद्वान त्याला अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास ठेवतात. शिखर भूमिज पद्धतीचे. चार दिशांना वरपर्यंत गेलेल्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान-लहान शिखरांच्या चढत्या ओळी, त्यामुळे एका मोठ्या पर्वतावर शेकडो टेकड्या उगवाव्यात तसे ते दिसते. आणि त्याच्या मागे तशाच घडणीचा सह्याद्री. शिल्पकाराने मान वर करून जे पाहिले तेच त्याने खाली दगडात उतरविले, याविषयी तेथे उभे राहिल्यावर माझ्या मनात शंका उरत नाही. गाभाऱ्यात दोन्ही बाजूंनी प्रवेश करता येतो, ही रचना विरळा आहे. खांबांवर आणि बाह्यभिंतींवर सुरसुंदरी, यक्ष, वेलबुट्टी. अनेक आकृती पावसाने झिजल्या आहेत, पण जे नष्ट झाले नाही त्यावरूनही त्या हातांची सफाई कळते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंडी त्यात बुडते. उगमावरच्या देवाला याहून योग्य अभिषेक कोणता?

देवळाजवळच एक पुष्करिणी आहे. चौकोनी, पायऱ्यांची, आणि तिच्या भिंतींत शिखरयुक्त कोनाडे असून त्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. शिवाच्या अंगणात पाण्याभोवती विष्णू बसलेला आहे, आणि क्षीरसागराची आठवण येथे कोणी मुद्दाम करून देण्याची गरज राहत नाही. एकदा नोव्हेंबरच्या सकाळी मी त्या पायऱ्यांवर बसलो असता गावातील एक वृद्ध गुरे सोडून तेथे टेकले. मी विचारले, "बाबा, उन्हाळ्यात हिला पाणी राहतं का?" ते म्हणाले, "हिला राहतं. आमच्या हांड्याला राहत नाही." एवढेच बोलून ते उठले.

त्या वाक्याने मी पुढे रतनगड चढताना फार अस्वस्थ होतो. गड १२९७ मीटर उंच. वाटेत दाट जंगल, नंतर शिड्या, गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, गुहेतील रत्नादेवी, आणि माथ्यावर कातळाला आरपार पडलेले ते प्रसिद्ध नेढे. पूर्वी राजूर, अलंग आदी महालांचा कारभार या गडावरून चाले. नेढ्यात बसले की एकीकडे कोकण आणि दुसरीकडे भंडारदऱ्याचा सगळा जलाशय, त्याच्या खाड्यांसारख्या शिरलेल्या हातांसह, एका दृष्टिक्षेपात येतो. पाण्याने भरलेल्या त्या दरीत एके काळी भातखाचरे होती, घरे होती. ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली ते महादेव कोळी आणि ठाकर लोक काठाच्या उंच जमिनीवर सरकले. पाणी उताराने शंभर मैल दूरच्या उसाला गेले, आणि महाराष्ट्रातील सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या गावांपैकी कित्येक गावांत चैत्र-वैशाखात बायकांना डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यांचा शोध घ्यावा लागला. मी स्वतः कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या भागातला माणूस आहे. हे पाणी माझ्या ताटात आले आहे. म्हणून ही गोष्ट मला केवळ नोंदविण्यापुरती वाटत नाही. उगमावरच्या माणसाचा पाण्यावर पहिला हक्क असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लोकांनी जे जपले ते आणखी वेगळे धन आहे. काळभात, कोळपी, आंबेमोहर, जीरवेल अशा भातांच्या जाती, नागली, वरई, डोंगरउतारावरचे कडधान्य. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांची पद्मश्रीसाठी निवड झाली. शेंडी-रतनवाडीच्या घरगुती खानावळीत नागलीची भाकरी, ठेचा आणि काळभाताचा वाफाळता भात मिळतो. हॉटेलातील पंजाबी भाजी सोडून तो मागून घ्यावा. हरिश्चंद्रगडही याच तालुक्यात आहे. तेथला कोकणकडा, केदारेश्वराच्या गुहेतील पाण्यात उभी असलेली पिंडी आणि चार खांबांपैकी उरलेला एकच खांब यांसाठी स्वतंत्र प्रवास करावा. त्याला या लेखात दोन ओळींत बसविणे अन्यायाचे होईल.

राहता राहिले काजवे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि त्याच्या आतल्या या काठांवर मे महिन्याच्या अखेरीपासून पहिल्या जोरदार पावसापर्यंत, जेमतेम तीन आठवडे, सादडा, हिरडा, बेहडा आणि जांभळाची झाडे रात्री उजळतात. एक झाड मिटते, दुसरे पेटते. मग सबंध रांग एका तालात मिटते आणि पेटते. हा प्रकाश नराने मादीला पाठविलेला निरोप असतो. वर्षाचा बहुतेक काळ अळीच्या रूपात ओल्या मातीत गोगलगायी खाऊन काढल्यानंतर पंख फुटलेल्या त्या जिवाला हे थोडे दिवसच मिळतात, आणि त्यांतच पुढची पिढी घडावयाची असते. निरोप पोहोचण्यासाठी अंधार लागतो. अलीकडे या तीन आठवड्यांत शेकडो मोटारी दिवे लावून रात्रभर या अरुंद रस्त्यावर रांगा करतात, विजेऱ्यांचे झोत झाडांवर टाकले जातात, झाडाखालची माती तुडविली जाते, आणि ती मातीच काजव्याचे पाळणाघर असते.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. काजव्यांसाठी गेलात तर शनिवार-रविवार टाळा, मोटार शेंडीत ठेवा, गावचा माणूस बरोबर घेऊन पायी चला, झाडाखाली जाऊ नका, आणि दिवा मालवा. डोळ्यांना अंधार ओळखीचा होण्यास दहा मिनिटे लागतात.